धुक्याला पदर म्हणताना

श्रावण लागला की आमच्या गावात आता सगळ्यात आधी फ्लेक्स येतात. पूर्वी कानबाईचा रविवार जवळ आला की घरं धुतली जायची, गोधड्या धुवायला गिरणा नदीवर न्यायच्या, नैवेद्याच्या रोटांचं दळण वेगळं काढून ठेवायचं. ते सगळं अजूनही होतं, पण त्याच्या आधी नाक्यावर बांबू रोवले जातात. यंदाही रोवले. काल भाजी आणायला गेले तेव्हा वर बघितलं. देवी, देवीच्या खाली डोंगर, डोंगरावर बंदूक रोखलेला जवान, आणि त्या जवानाच्या डोक्यावरून आलेला देवीचा हिरवा पदर. कडेने गोल चौकटींत शुभेच्छुकांचे तुकतुकीत चेहरे. मधोमध हातभर अक्षरांत एक वाक्य: 'ज्याची श्रद्धा अढळ, त्याच्या माथी आईचा पदर.'

खाली गटारीचं पाणी रस्त्यावर आलं होतं. त्यात कालच्या हाराची झेंडूची फुलं कुजत पडली होती आणि त्यांवर माश्या बसत होत्या. मी पिशवी छातीशी धरून तिथून निघाले. त्या माश्यांची मला एवढी शिसारी आली नाही, जेवढी त्या वाक्याची आली. ते वाक्य माझं आहे.

मी मराठीची शिक्षिका. भडगावपासून गिरणेच्या काठाने वर गेलं की आमचं गाव लागतं. तिथल्या हायस्कुलात माझा जन्म गेला. गावात कुणाचा सत्कार असला, कुणी निवृत्त झालं, कुणाचा पुतळा बसला की मानपत्र लिहायला माझ्याकडे येतात. शब्द मला लवकर सापडतात. याचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

मी ते वाक्य लिहिलं त्या वर्षीच्या श्रावणात पाऊस रोज थोडा पडे आणि थांबे. कपाशी गुडघ्यापर्यंत आलेली, शेतांत निंदणी चाललेली, आणि गावभर ओल्या मातीचा आणि शेणाचा दमट वास. कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मी वत्सलाअक्काकडे गेले होते. अक्का विधवा, तिचा एकुलता एक मुलगा भूषण सैन्यात, माझा विद्यार्थी. कानबाई ही आमच्या खानदेशाची घरातली देवी. नारळालाच डोळे, नथ, मंगळसूत्र घालून तिला चौरंगावर बसवतात. रविवारी ती घरी येते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. तिच्या रोटांसाठी गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजायची अशी रीत आहे. अक्काच्या भावकीतल्या बायका सुपं घेऊन बसल्या होत्या. एकेक नाव घेतलं जात होतं, मूठ सुपात रिकामी होत होती. आणि समोरच्या खोलीत टीव्हीवर एक बाई सांगत होती की सीमेवरच्या एका उंच चौकीला पहाटेपासून वेढा पडलाय, आत मोजकेच जवान आहेत, आणि त्यांच्याशी संपर्क तुटला आहे.

चौकीचं नाव सांगत नव्हते. पण भूषणचा फोन सकाळपासून लागत नव्हता, आणि तो कोणत्या डोंगरांत आहे हे अक्काला ठाऊक होतं.

त्याच्या नावाची पाळी आली. अक्काने पाटीत हात घातला, मूठ भरली, आणि ती मूठ तिला उघडेना. तशीच बसून राहिली. एकीने टीव्ही बंद केला. मग अक्काने त्याचं नाव घेतलं, शाळेत हजेरी घेतात तितक्या स्पष्ट आवाजात, आणि गहू सुपात सोडले. मी तिच्या शेजारी बसले होते. मुठीत इतका घाम आला होता की थोडे दाणे तळहाताला चिकटून राहिले. ते तिने एकेक करून सोडवले आणि सुपात टाकले.

सोमवारी सकाळी सगळ्या कानबाया नदीवर निघाल्या. गिरणेला वरून पाणी सोडलेलं, गढूळ, झपाझप वाहणारं. अक्काने नारळ पाण्यात बुडवून वर काढला आणि तेवढ्यात तिच्या पुतण्याचा फोन वाजला. भूषण होता. तो आईशी तीन वाक्यं बोलला. मी ठीक आहे. धुकं पडलं म्हणून वाचलो. सुकलाल गेला.

अक्का तिथेच चिखलात बसली आणि तिने वाहत्या पाण्याला हात जोडले. मीही जोडले. त्याची मला लाज वाटत नाही. त्या काठावर त्या क्षणी जे होतं त्यात काहीही घाणेरडं नव्हतं. घाण नंतर साचली.

भूषणच्या त्या तीन वाक्यांतलं मधलं तेवढं गावाने उचललं. तिसरं, त्याच्या चौकीवरच्या सोबत्याचं, कुणी उचललंच नाही. संध्याकाळपर्यंत धुकं आपोआप पडलेलं राहिलं नाही, ते देवीने पाडलं. दुसऱ्या दिवशी ते देवीचा पदर झालं. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात मी ऐकलं की धुक्यात हिरव्या शालूतली एक बाई उभी असलेली जवानांनी बघितली. कुणी बघितली, कुणाला सांगितली, हे विचारायची सोय नव्हती. जो विचारेल तो नास्तिक, आणि वर देशाचाही वैरी.

मग नाना आले. नाना आमच्या देवी मंदिर समितीचे अध्यक्ष. वाईट माणूस नाही. वेढ्याच्या त्या दोन दिवसांत ते अक्काच्या ओसरीवर बसून होते, घोटभर चहासुद्धा न घेता. त्यांचा त्या पदरावर खरोखरच विश्वास होता. भूषण कानाच्या उपचारानंतर रजेवर येणार होता. स्फोटाने त्याचा डावा कान गेला होता. त्याचा सत्कार करायचा, पोळ्याच्या आदल्या दिवशी, मोठा मांडव घालून. नाना म्हणाले, मानपत्र असं लिहा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे.

मी लिहिलं. एका बैठकीत. मला आठवतं, बाहेर रिमझिम चालली होती, आणि मी आल्याचा चहा करून घेतला होता. चहा गार झाला तरी मला भान नव्हतं, इतकी मी रंगले होते. 'मूठभर वीर आणि समोर अफाट शत्रू. माणसांची सारी दारं बंद झाली तेव्हा आईने आपला पदर पसरला.' त्या शालूचा हिरवा रंगही मी घेतला. खोटा आहे हे मला कळत होतं. पण वाक्याला तो हवा होता. आणि शेवटी ते श्रद्धेचं वाक्य आलं. ते कागदावर उतरलं तेव्हा मी ते मोठ्याने वाचून बघितलं आणि स्वतःवर खूश झाले. आज त्या खुशीची आठवण आली की तोंडाला कडवट पाणी सुटतं.

भूषण आला तो वाळलेला. नानांनी घरी जाऊन कार्यक्रम सांगितला तेव्हा त्याने नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाला की सुकलालच्या वडिलांना बोलवा. सुकलाल त्याच्या चौकीवरचा, साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका खेड्यातला. दोघे खानदेशातले, आपसांत अहिराणी बोलायचे. नानांनी लगेच कबूल केलं. कार्यक्रमपत्रिकेत ओळ घातली: वीरपित्याचा सन्मान, शाल व श्रीफळ.

त्या दिवशीचा मांडव अजून नाकात आहे. ओल्या ताडपत्रीचा कुबट वास, अत्तर, जनरेटरचा धूर. वर ड्रोन गुंगुं करत फिरत होतं आणि लोक देवीऐवजी त्याच्याकडे बघून हात हलवत होते. पुढे सोफे. सोफ्यांवर भूषणच्या नखाचीही ओळख नसलेली माणसं. जो वक्ता उभा राही तो चौकी आपणच लढवल्यासारखा बोलत होता. एकाने तर पदर धरून उभ्या असलेल्या देवीची नक्कल केली, मान वेळावून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक जण वर जाऊन भूषणच्या तोंडात पेढा कोंबत होता आणि फोटो निघेपर्यंत तोंडाजवळचा हात काढत नव्हता. तो गिळत होता. खुर्चीत ताठ बसून एकामागून एक गिळत होता.

सुकलालचे वडील चौथ्या रांगेत होते. त्यांना सगळे आबा म्हणत. पांढरी टोपी, धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा, मांडीवर कापडी पिशवी. मुलाला जाऊन तीन आठवडेही पुरते झाले नव्हते. साक्रीहून धुळ्याला, धुळ्याहून इकडे, असे गाड्या बदलत ते एकटे आले होते. त्यांच्या शेजारची माणसं वडापाव खात होती.

मग माझं मानपत्र झालं. मीच वाचलं. आवाज कुठे चढवायचा, कुठे पाडायचा, हे मला चांगलं जमतं. धुक्याचा पदर झाला, पदर हिरवा झाला, आणि शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं. लोकांच्या अंगावर काटा आला. एक बाई अंगात आल्यासारखी घुमू लागली. नाना डोळे पुसत होते. त्यानंतर भूषणला दोन शब्द बोलायला उभं केलं. तो माइकसमोर गेला, समोर चौथ्या रांगेकडे बघितलं, काही न बोलता वळला आणि मांडवाच्या मागे गेला. लोकांना वाटलं गहिवरला. पुन्हा टाळ्या. मी मागे गेले तर तो कनातीच्या दोरीला धरून ओकत होता. ओकून झाल्यावर तोंड पुसून म्हणाला, "बाई, हे तुम्ही लिहिलं?"

मी काही बोलायच्या आत पावसाची मोठी सर आली. ताडपत्री एका बाजूने खाली आली, जनरेटर बंद पडला आणि पळापळ झाली. शाल व श्रीफळाची ओळ राहून गेली.

गर्दी पांगल्यावर आबा मला शाळेच्या व्हरांड्यात भेटले. पिशवी तशीच छातीशी धरलेली. त्यांनी मला नमस्कार केला. मग त्यांनी विचारलं की ते वाचलेलं तुमचंच का. मी हो म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कागदावरचा एखादा शब्द लागत नसला की माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं.

"बाई, मंग मना पोऱ्यानी श्रद्धा कमी पडनी का?"

मला शब्द लवकर सापडतात असं मी वर म्हटलं आहे. त्या व्हरांड्यात मला एकही सापडला नाही. मी 'तसं नाही आबा' असं काहीतरी पुटपुटले. त्यांनी मान हलवली, जणू मला अवघडायला नको म्हणून, आणि स्टँडकडे चालू लागले. नानांनी नंतर शाल घेऊन एकाला मोटारसायकलवर पाठवलं, पण गाडी सुटली होती. ती शाल मंदिराच्या कपाटात आहे.

दुसऱ्या दिवशी मी नानांकडे गेले. गावात पोळ्याची गडबड होती, बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं, आणि नाना माझं मानपत्र पुस्तिकेसाठी छापखान्यात पाठवायच्या तयारीत होते. मी म्हटलं, छापू नका, त्यात खोटं आहे. ते चकित झाले. त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं की गावातली मुलं भरतीला जातात, त्यांच्या आईबापांना रात्री झोप लागत नाही, त्यांना कशाचा तरी आधार नको का? मी सुकलालचं नाव काढलं. नाना म्हणाले, "त्याचं वाईटच झालं बाई. पण एकाच्या दुःखासाठी शंभरांचा धीर काढून घ्यायचा का?"

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. म्हणूनच किळस जास्त आली. सरळ खोटं असतं तर झटकून टाकता आलं असतं. हे दह्यात पडलेल्या पालीसारखं होतं. दही खरंच होतं, चांगलं विरजलेलं होतं, आणि आता ते कुणाच्या पानात वाढवत नव्हतं. नानांना मात्र ती पाल दिसत नव्हती. पुस्तिका छापली गेली. दर श्रावणात तिच्यातलं वाक्य फ्लेक्सवर चढतं.

पोळा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी भूषण सकाळीच माझ्याकडे आला. मी त्याला उजव्या बाजूने ऐकू येईल असं बसवलं. तो म्हणाला, एकदा सांगतो, मध्ये बोलू नका.

ते सहा जण होते. समोरून किती आले ते मोजायला कुणाला वेळ नव्हता. पहाटे सुरू झालं. दोन तासांत कळलं की आपल्या गोळ्या संपतील आणि समोरची माणसं संपणार नाहीत. वायरलेस फुटला होता. तेव्हा सुकलालने खिशातून हळदीची पुडी काढली. त्याच्या आईने त्याच्या गावच्या देवीची दिलेली. रोज सकाळी चौकीवर कापूर तोच लावायचा, सगळे त्याची थट्टा करायचे. त्या दिवशी कुणी केली नाही. त्याने सहाही जणांच्या कपाळाला हळद लावली. त्यांच्यात एक वेगळ्या धर्माचा होता, त्यानेही कपाळ पुढे केलं आणि मग आपल्या देवाचं नाव घेतलं. "आणि बाई, समोरून वर चढणारेही त्यांच्या देवाचं नाव घेत होते," भूषण म्हणाला. "आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं."

मी विचारलं, तू घेतलंस? मध्ये बोलू नका म्हटलेलं विसरून.

"घेतलं ना. देवीचं घेतलं, आईचं घेतलं. नाव घेतलं की हात थरथरायचा थांबत होता. तेवढी मदत झाली. ती मी नाकारणार नाही."

दुपारी सुकलालच्या पोटात गोळी लागली. त्यानंतर तासाभरात धुकं उतरलं. असं दाट की हाताला हात दिसेना. खालच्यांना चौकी सापडेना, ते इकडेतिकडे गोळ्या झाडत राहिले आणि मग थांबले. म्हणून बाकीचे वाचले. पण त्याच धुक्यामुळे हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. सुकलाल रविवारी सकाळपर्यंत होता. शुद्धीत होता. तो पाणी मागत होता. भूषणच्या कमरेला बाटली होती, अर्धी भरलेली. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नाही असं त्यांना शिकवलेलं, आणि हेलिकॉप्टर कधीही येईल असं वाटत होतं. म्हणून त्याने दिलं नाही. कापड ओलं करून ओठांना लावत राहिला.

"शेवटी हेलिकॉप्टर आलं तेव्हा बाटली तशीच होती," तो म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने आपलं मागणं सांगितलं. हे सगळं लिहून द्या. मी आबांना तोंडाने सांगायला गेलो तर मध्येच तुटेन. तुम्ही सोबत चला, मी तुटलो तर पुढचं तुम्ही वाचा.

मी त्याच दिवशी लिहायला बसले. आणि काय लिहिलं असेल? लाज वाटते, पण सांगते. 'त्या दिवशी चौकीवर देव आला तो सुकलालच्या रूपाने.' डोळे भरून आले होते माझे लिहिताना. आता मी सगळं नीट केलं, आबांना त्यांचा मुलगा परत दिला, असं वाटत होतं. भूषणला वाचून दाखवलं. त्याने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं त्याने मांडवामागे बघितलं होतं.

"परत तेच करताय तुम्ही," तो म्हणाला. "सुकलाल देव नव्हता. त्याला तहान लागली होती."

मी तो कागद फाडला. त्यानंतर जे लिहिलं त्यात विशेषण आलं की तो हात वर करायचा आणि मी ते खोडायचे. अफाट खोडलं, अमर खोडलं, हसतमुख खोडलं. सुकलाल हसत मेला नव्हता. शेवटी जेमतेम दीड पान उरलं. एवढं अवघड लेखन मी आयुष्यात केलं नव्हतं.

भाद्रपदाच्या सुरुवातीला आम्ही गेलो. धुळ्याला गाडी बदलली, साक्रीला उतरलो, तिथून पुढे जीपने. रस्ता चढू लागला तशी कपाशी मागे राहिली. डोंगरउतारावर भात, नागली, मध्येच मक्याचे तुकडे, सगळं पावसाच्या भरवशावरचं. ढग खाली आले होते. एका वळणावर रस्त्यावर धुकं आडवं आलं आणि भूषणने खिडकीची कड धरली. मी बाहेर बघितलं नाही.

आबांचं घर गावाच्या टोकाला. अंगणात मका वाळत घातलेला, भिंतीवर गणवेशातल्या सुकलालचा फोटो, त्याला हार. आबांनी बाज टाकली. सुकलालची आई ठेंगणी, कृश, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेली. तिने आम्हाला गूळ-पाणी दिलं. भूषणने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पाणी तसंच खाली ठेवलं. बोलता बोलता तिने सांगितलं की आबा तुमच्या गावाहून आल्यापासून देवीच्या ठाण्यावर जात नाहीत. चाळीस वर्षं मंगळवार चुकवला नव्हता. आता मी एकटीच जाते.

भूषणने सुरुवात केली. हळदीपर्यंत आला. सुकलालने सगळ्यांच्या कपाळाला लावली म्हणाला तेव्हा आईने पदर तोंडाला लावला. गोळीपाशी तो अडला. मी कागद काढला आणि वाचू लागले. माझा आवाज मला परका वाटत होता. कुठे चढवावा, कुठे पाडावा असं त्यात काहीच नव्हतं. धुक्याचं वाचलं. दोन्ही वाचलं: त्याने कोण वाचलं, आणि त्यानेच कोण गेलं. पाण्याचं आलं तेव्हा भूषणने हात वर केला आणि ते त्याने स्वतः सांगितलं. बाटली किती भरलेली होती तेही सांगितलं.

अंगणात कोंबड्या मक्यावर येत होत्या. त्यांना कुणी हाकललं नाही.

मी आबांकडे वळून म्हटलं की त्या दिवशी मी वाचलेलं चुकीचं होतं. सुकलालची श्रद्धा कुणापेक्षाही कमी नव्हती. आबा, माझ्या वाक्यामुळे तुमचं आणि देवाचं वाकडं आलं असेल तर...

त्यांनी मला पुरं करू दिलं नाही.

"देवशी मना झगडा नही शे, बाई. तुमना कागदशी शे. देव काय बोलना नही. तुम्हीच बोलनात."

मग म्हणाले, ठाण्यावर जायची लाज वाटायची. देवीला काय तोंड दाखवू, पोरगा कमी पडला असं लोक म्हणतात, असं वाटायचं. ते त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की मला त्या बाजेवर बसवेना. शत्रूने त्यांचा मुलगा नेला होता. देवी मी नेली होती, एका ओळीसाठी, गार झालेल्या चहाशेजारी बसून.

भूषण खाली मान घालून रडत होता, आवाज न करता. सुकलालची आई उठली, त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून हळू काही बोलली. त्याचा तो कान गेलेला. तिला ते माहीत नव्हतं. मी ऐकलं, त्याने नाही. त्याला फक्त हात कळला.

निघताना मी तो दीड पानाचा कागद आबांना देऊ लागले. त्यांनी हात पुढे केला नाही. सांगितलं ते ऐकलं, म्हणाले, कागद नको. रस्त्यापर्यंत मात्र सोडायला आले, आणि जीप येईपर्यंत भूषणचा हात धरून उभे राहिले. माझ्याशी बोलले नाहीत. ते बरोबरच होतं.

मला वाटलं होतं, एवढं केलं की मन धुतल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. साक्रीहून धुळ्याच्या गाडीत मी पर्समधल्या त्या कागदाची घडी चाचपत बसले होते. भूषण खिडकीला डोकं टेकून झोपला. अक्का सांगत होती की तो आल्यापासून झोपत नाही. गाडी खड्ड्यांतून आदळत होती, कंडक्टर ओरडत होता, आणि हा तोंड उघडं टाकून लहान मुलासारखा झोपला होता.

धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा त्याला हलवून उठवावं लागलं. उतरल्यावर फलाटावर तो थांबला, उजवा कान माझ्याकडे केला आणि विचारलं, "बाई, सुकलालची माय माझ्याजवळ बसून काय म्हणाली हो?"

जिभेवर दोन-तीन सुंदर वाक्यं आलीच होती. ती मी गिळली. मग तिचं होतं ते, तिच्या बोलीत, तिच्याइतक्याच हळू आवाजात त्याला सांगितलं.

"पानी दिधं नही म्हनीसन रडू नको, भाऊ. मी तठे ऱ्हाती ते मी बी दिधं नसतं."